आमच्या रानात न विचारता अळंबी काढायला येणाऱ्यांचं काय करावं?

रानमालकीण:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच.

घराच्या मागे आमच्या मालकीची झाडी आहे. ओक, पाइन, अधूनमधून बर्च. शेती नाही, थोडी गुरं तेवढी कुंपणाच्या आत चरतात. पाऊस मनाजोगता झाला की झाडांखाली शँटरेल अळंबी येते. पिवळीधमक, नाकाशी धरली तर जर्दाळूचा मंद वास. आम्ही घरापुरती काढतो, बाकीची तशीच राहते.

पूर्वी एखादं म्हातारं जोडपं टोपली घेऊन यायचं, लांबून हात करायचं आणि जायचं. त्याचं कधी काही वाटलं नाही. आता हंगाम लागला की रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागते. बादल्या घेऊन माणसं कुंपण ओलांडतात. वरच्या दोन तारा खाली ओढून चिंधीने बांधून ठेवलेल्या असतात, म्हणजे पुढच्या खेपेला पाय टाकायला सोपं. मध्यंतरी कुणीतरी फाटकाची साखळी काढून तशीच लोंबती ठेवली आणि गाय रस्त्यावर गेली. गाडीवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. आणि गेल्या आठवड्यात पाहिलं तर पाइनखालचा पाला दाताळ्याने ओढून काढलेला, खालची माती उघडी, तिच्यातले बुरशीचे पांढरे धागे उन्हात वाळत पडलेले. फार लागलं मनाला.

नवऱ्याचं म्हणणं कुलूप, कॅमेरा, पोलीस. मला अळंबीचा लोभ नाही आणि भांडणही नकोय. पण माझ्या घरामागे कोण फिरतंय हे मला कळायला हवं, एवढा माझा हक्क आहे. समोरासमोर गाठ पडली तर तुम्ही काय बोलता? एकाला परवानगी दिली तर लोंढा वाढतो का? देश मुद्दाम लिहीत नाही, कारण मला आधी माणसांशी कसं वागावं हे विचारायचंय. पण आपापल्या देशातला कायदा ठाऊक असेल त्यांनी जरूर लिहा.

खडकवाट:
कुलूप लावा, पाटी लावा. विषय संपला.

पाऊलखुणा:
माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. अळंबी कुणी पेरत नाही, खतपाणी घालत नाही. पाऊस पडला, उगवली, दोन आठवड्यांत कुजून गेली. अशा गोष्टीवर मालकी कसली? जमीन तुमची, मान्य. कुंपण मोडणं, फाटक उघडं टाकणं चूक, तेही मान्य. पण एखादा माणूस गुपचूप टोपलीभर अळंबी घेऊन गेला तर तुमचं नेमकं काय गेलं?

रानमालकीण:
@पाऊलखुणा, अळंबी गेल्याचं दुःख नाही हे मी वर लिहिलंय. संध्याकाळी मुलं मागे खेळत असतात आणि झाडीतून अनोळखी माणूस बाहेर येतो, तेव्हा त्याच्या हातात टोपली आहे की आणखी काही, हे मला लांबून दिसत नाही. फाटकाशी येऊन "आत जाऊ का" एवढं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

निंबोणी:
ताई, अगदी मनातलं लिहिलंत. विचारण्याला पैसे पडत नाहीत.

वकीलबुवा:
कायद्याचं बघायचं तर जगभरात एक उत्तर नाही, आणि म्हणूनच यावर एवढी भांडणं होतात. माहीत आहे ते लिहितो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्याच्या कलम ४(३) मध्ये अळंबीचा चक्क उल्लेख आहे. रानात आपोआप उगवलेली अळंबी दुसऱ्याच्या जमिनीवरून काढली तरी ती चोरी नाही, मात्र ती विकण्यासाठी किंवा मोबदल्यासाठी काढली तर चोरी. जमिनीत शिरणं हा वेगळा मुद्दा. तो दिवाणी स्वरूपाचा अतिक्रमणाचा दावा होतो आणि मालक त्या माणसाला बाहेर जायला सांगू शकतो.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने लोकांना बहुतेक जमिनीवर जबाबदारीने वावरायचा हक्क दिला, पण नफ्यासाठी तिथून काही उचलून नेणं त्या हक्कात बसत नाही. स्वित्झर्लंडच्या दिवाणी संहितेचं कलम ६९९ सांगतं की रानात आणि कुरणात कुणीही जावं आणि स्थानिक रिवाजाइतकी बोरं-अळंबी घ्यावी. त्यात खाजगी रानही आलं. फ्रान्स बरोब्बर उलट. तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम ५४७ नुसार जमिनीचं नैसर्गिक फळ जमीनमालकाचं, अळंबीसुद्धा.

आता भारत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधल्या फौजदारी अतिक्रमणात नुसतं शिरणं पुरत नाही, गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा हेतू लागतो. आणि चोरीच्या कलम ३०३ चं स्पष्टीकरण असं की वस्तू जमिनीला चिकटून आहे तोवर तिची चोरी होत नाही, तोडून वेगळी केली की होऊ शकते.

सांगायचा मुद्दा हा की बऱ्याच ठिकाणी कायदा घरापुरतं घेणारा आणि धंद्यासाठी नेणारा यांच्यात फरक करतो. रानमालकीण ताईंनीही आधी तोच फरक करावा.

पाऊलखुणा:
वकीलबुवा, धन्यवाद. इंग्लंडचं वाचून बरं वाटलं :)

खडकवाट:
बरं वाटून घेण्याआधी शेवटचं वाक्य परत वाचा. बादल्या घेऊन येणारा घरापुरतं नेत नसतो.

उत्तरध्रुवी:
मी स्वीडनमध्ये राहते. इथे सगळ्यांचा वावरहक्क असतो. दुसऱ्याच्या रानात फिरा, बोरं तोडा, अळंबी काढा, मालकाला विचारायची गरज नाही. हे ऐकून आपल्याकडच्या लोकांना वाटतं की मग इथे सगळा सावळागोंधळ असेल. तसं अजिबात नाही, कारण हक्काला दोन घट्ट अटी आहेत: त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही. शाळेत पोरांना पाठ असतात. घराभोवतीचा जो भाग घराच्या खाजगी वापराचा, तिथे पाऊल टाकायचं नाही. पेरलेल्या शेतात नाही, रोपं लावलेल्या जागी नाही. फाटक जसं होतं तसं ठेवायचं.

ताईंच्या जागी मी असते तर मला अळंबी नेणाऱ्यांचा राग आला नसता, पण दाताळ्याने पाला ओढणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवलं असतं. हक्क असलेल्या देशातसुद्धा ते चालत नाही.

घारापुरी_नव्हे:
पाटी लावणार असाल तर त्यावर "अळंबी काढू नये" असं चुकूनही लिहू नका. ज्यांना पत्ता नव्हता त्यांनाही कळेल. "खाजगी जागा, आत येण्याआधी फोन करा" पुरे.

निंबोणी:
हा हा, खरंय. आमच्या ओळखीत एकाने लिहिली होती अशी पाटी. पुढच्या रविवारी पाटीपाशीच गाड्या!

बुरशीबाई:
माझा अभ्यासाचा विषय असल्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आपण जी अळंबी म्हणतो ते बुरशीचं फळ. खरी बुरशी म्हणजे जमिनीतलं धाग्यांचं जाळं, आणि शँटरेलसारख्या जातींमध्ये हे जाळं झाडांच्या मुळांशी जोडलेलं असतं. झाड साखर देतं, बुरशी पाणी आणि खनिजं देते. म्हणून शँटरेलची बटण मशरूमसारखी शेडमध्ये व्यापारी शेती होत नाही, आणि म्हणूनच तिला भाव येतो आणि बादल्यावाले येतात.

काढल्याने ती संपते का? स्वित्झर्लंडमध्ये ला शानेआ नावाच्या राखीव रानात १९७५ पासून २००३ पर्यंत यावर सलग प्रयोग झाला. काही तुकड्यांतली अळंबी नियमित काढली, काही तशीच ठेवली. निष्कर्ष असा की काढल्यामुळे पुढच्या वर्षांच्या उत्पन्नावर परिणाम झाला नाही, मुळापासून उपटा की चाकूने कापा. पण जिथे माणसांच्या पायांनी जमीन तुडवली गेली तिथे अळंबीची संख्या घटली. आणि दाताळं? अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मात्सुताके नावाच्या अळंबीवर प्रयोग झाले. पाला खोलवर ओढून तो परत न पसरता तसाच सोडला तर उत्पन्न बरंच घटलं, आणि परिणाम काही वर्षं टिकला.

म्हणजे ताई, तुम्ही जे पांढरे धागे वाळताना पाहिलेत तेच खरं नुकसान आहे. तो पाला हाताने परत सारखा करा, जमेल तितका लवकर. उघडी माती झाकली गेली की आतला ओलावा टिकतो.

पाऊलखुणा:
हे महत्त्वाचं आहे. दाताळेवाल्यांच्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही. जो खरा अळंबीवाला असतो तो पाला बोटांनी बाजूला करतो, अळंबी घेतो आणि परत झाकतो. पुढच्या माणसाला कळतसुद्धा नाही कुणी येऊन गेलं ते.

वाटसरू७:
कापावी की उपटावी? मी तर ऐकलं होतं कापलीच पाहिजे, नाहीतर मूळ मरतं.

बुरशीबाई:
@वाटसरू७, वरच्या प्रयोगात दोन्हींत फरक आढळला नाही. ओळख पटलेली नसेल तर मात्र बुडासकट उपटा, कारण अमानिटासारख्या विषारी जातींची ओळख बुडाशी असलेल्या पिशवीवरून होते आणि कापलं की ती पिशवी जमिनीतच राहते. ओळख पक्की असेल तर कापा, माती कमी लागते.

वाटसरू७:
धन्यवाद. आजवर उलटंच धरून चाललो होतो.

काटेरी:
एवढी चर्चा कशाला? पालापाचोळ्याखाली खिळे मारलेल्या फळ्या ठेवा, गाड्या लावतात तिथेही. एकदा टायर फुटले की परत फिरकणार नाहीत.

वकीलबुवा:
@काटेरी, हे कृपा करून कुणीही करू नका. कळकळीने सांगतो.

अमेरिकेत आयोवा राज्यात कॅट्को विरुद्ध ब्रायनी नावाचा खटला झाला. ओसाड पडलेल्या फार्महाउसमध्ये वारंवार चोऱ्या होत होत्या म्हणून मालकाने खोलीत दाराला जोडून बंदूक बांधली. जुन्या बरण्या न्यायला शिरलेल्या माणसाच्या पायात गोळी गेली. तो माणूस चोरीला शिरला होता यात वाद नव्हता. तरीही ज्युरीने मालकाविरुद्ध ३०,००० डॉलरचा निकाल दिला आणि १९७१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तत्त्व सरळ आहे: मालमत्ता वाचवण्यासाठी माणसाला गंभीर इजा होईल असा सापळा लावता येत नाही. तुमच्या खिळ्यावर पाय पडणारा शेजारचा लहान मुलगा असू शकतो, अग्निशामक दलाचा माणूस असू शकतो.

रानमालकीण:
आणि आमची गुरं आहेत, आमची मुलं आहेत. नकोच.

प्रशासक:
इजा होईल असे उपाय सुचवणारे प्रतिसाद इथून पुढे काढले जातील. काटेरी यांचा प्रतिसाद वकीलबुवांच्या उत्तराचा संदर्भ राहावा म्हणून ठेवला आहे.

औषधवेल:
डॉक्टर म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. मंडळी कायद्यावर बोलतायत, पण ओकच्या झाडीत शँटरेलबरोबर आणखी एक पाहुणी येते: डेथ कॅप, अमानिटा फॅलॉइडिस. फिकट हिरवट छत्र, खाली पांढरी पाती, देठाला झालर, बुडाला पिशवी. एक छत्र प्रौढ माणसाचा जीव घ्यायला पुरेसं ठरू शकतं. शिजवून, वाळवून, गोठवून विष जात नाही.

सगळ्यात फसवं काय, तर लक्षणं उशिरा येतात. साधारण ६ ते १२ तासांनी उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि तेवढ्यात यकृत निकामी व्हायला लागतं. अशा रुग्णाने "आता बरं वाटतंय" म्हटलं तरी त्याला दवाखान्यातून सोडायचं नसतं. अळंबी खाल्ल्यावर सहा तास उलटून त्रास सुरू झाला तर वाट न बघता रुग्णालय गाठा. उरलेली अळंबी, सालं, उलटीसुद्धा सोबत न्या.

दुसऱ्या देशातून आलेली माणसं जास्त फसतात, कारण त्यांच्या ओळखीच्या खाण्याच्या अळंबीसारखीच दिसणारी विषारी जात नव्या जागी भेटते. उत्तर अमेरिकेत आग्नेय आशियातून आलेल्या कुटुंबांनी डेथ कॅपला धिंगरी-पेंढ्यावरच्या ओळखीच्या अळंबीत मोजून जीव गमावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा ताई, तुमच्या रानात अशी काही उगवते का हे एकदा जाणकाराकडून बघून घ्या. आत येणाऱ्याला सांगायला तरी होईल.

बुरशीबाई:
औषधवेल यांचं अगदी बरोबर, फक्त ती पेंढ्यावरची अळंबी म्हणजे व्होल्व्हारिएला, धिंगरी वेगळी. शँटरेलची गल्लत बहुधा जॅक-ओ-लँटर्न या विषारी अळंबीशी होते. फरक असा: शँटरेल मातीतून एकेकटी उगवते, छत्राखाली खऱ्या पात्यांऐवजी देठावर उतरत गेलेल्या बोथट, फाटे फुटलेल्या कडा असतात आणि उभी चिरली तर आत पांढरट दिसते. दुसरी लाकडावर किंवा गाडलेल्या मुळांवर झुबक्याने येते, पाती पातळ आणि धारदार, आतूनही केशरी. तिने माणूस सहसा दगावत नाही पण पोट ढवळून निघतं.

औषधवेल:
हो, व्होल्व्हारिएलाच. दुरुस्तीबद्दल आभार.

निंबोणी:
मग मालकाच्या जागेतली अळंबी खाऊन कुणी आजारी पडलं तर मालकावर येतं का?

वकीलबुवा:
चांगला प्रश्न. अमेरिकेत सगळ्या राज्यांत या ना त्या स्वरूपात करमणुकीच्या वापराचा कायदा आहे. मालकाने फुकट आत येऊ दिलं तर अपघाताची जबाबदारी त्याच्यावर फारच मर्यादित राहते. मुद्दाम किंवा बेफिकिरीने धोका ठेवला तर संरक्षण जातं. आणि लक्षात ठेवा, प्रवेशासाठी पैसे घेतले तर बहुतेक ठिकाणी हे संरक्षण गळून पडतं. म्हणून "शुल्क लावा" हा सल्ला कुणी देईल तर आधी विमा कंपनीशी आणि स्थानिक वकिलाशी बोला.

आणखी एक मुद्दा, जो मालक विसरतात. परवानगी देणं धोक्याचं वाटतं, पण काही न बोलणं जास्त धोक्याचं असू शकतं. इंग्लंडमध्ये लोक २० वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे, न अडवता, न विचारता ये-जा करत राहिले तर तिथे वहिवाटीचा हक्क उभा राहू शकतो. भारतातल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही मुदत २० वर्षांचीच. आता गंमत बघा, परवानगीने झालेला वापर या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे लेखी परवानगी दिली तर तुमचा हक्क मजबूत होतो.

रानमालकीण:
हे मला अजिबात माहीत नव्हतं. परवानगी दिली की हक्क जातो असंच नवरा म्हणत होता. हा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला.

खडकवाट:
तरीही मी म्हणेन, बोट दिलं की हात धरतात. एकाला चिठ्ठी दिली की तो मेव्हण्याला आणतो, मेव्हणा मित्राला.

गवताळ:
खडकवाट, माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितो.

माझ्याकडेही झाडी आहे आणि मोरेल अळंबीच्या दिवसांत असाच त्रास होता. मोरेलचा हंगाम वसंतात आणि मोजक्या आठवड्यांचा, त्यामुळे सगळे एकदम तुटून पडतात. सुरुवातीला मीही पाट्या लावल्या. पाट्या काढून नेल्या. मग ठरवलं की जे नीट वागतात त्यांना शोधायचं. एक निवृत्त बाई यायच्या, नेहमी फाटक लावून जायच्या. त्यांना मीच जाऊन म्हटलं, "तुम्ही या, पण आल्यावर फाटकावरच्या नंबरवर मेसेज टाका." त्यांना आणि आणखी एका कुटुंबाला साध्या कागदावर लिहून दिलं: नाव, गाडीचा नंबर, हंगामाची तारीख, कुठल्या भागात जायचं, कुठल्या नाही. दाताळं नाही, विक्री नाही, सोबत नवा माणूस आणायचा तर आधी सांगायचं.

झालं काय, की त्या लोकांना ती जागा आपली वाटायला लागली. अनोळखी गाडी दिसली की मला त्यांचा फोन येतो. पडलेलं झाड, तुटलेली तार, सगळं तेच कळवतात. कॅमेऱ्याने जे झालं नाही ते चार माणसांनी केलं.

समोरासमोर गाठ पडली तर काय बोलावं असं ताईंनी विचारलंय. माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "काही मिळालं का आज?" त्यावर माणूस कसा वागतो यात सगळं कळतं. जो थांबून टोपली दाखवतो त्याच्याशी पुढे बोलता येतं. जो पाठ फिरवतो किंवा अंगावर येतो त्याच्याशी वाद घालायचा नाही. मागे सरकायचं, गाडीचा नंबर टिपायचा, पोलिसांना कळवायचं. एकट्याने झाडीत आत जाऊन अडवायचं नाही, हातात काठी-बंदूक काही घ्यायचं नाही. अळंबीवाल्यांकडे चाकू असतोच, तो अळंबीसाठी असतो, पण दोन्हीकडून घाबरलेली माणसं असली की बिघडायला वेळ लागत नाही.

निंबोणी:
"काही मिळालं का आज?" हे फार आवडलं.

टोपलीवाली:
मी दुसऱ्या बाजूची. मी अळंबी काढते, घरापुरती. विचारायची इच्छा असते हो, पण विचारायचं कुणाला? रानाला कुंपण असतं, मालक दुसऱ्या शहरात, पाटीवर फक्त "प्रवेश बंद". कितीतरी वेळा मी कुंपणाबाहेरून अळंबी बघून परत फिरलेय. जिथे नंबर लिहिलेला असतो तिथे मी फोन करते आणि बहुतेक जण हो म्हणतात. "नाही" म्हणणाऱ्याचाही राग येत नाही, निदान उत्तर मिळालं. तेव्हा मालकांना विनंती: नंबर लिहा. आणि आमच्यासारख्यांना विनंती: जाताना चांगली मूठभर मालकाच्या दारात ठेवून या, स्वतः साफ करून.

खडकवाट:
आणि बादल्यावाले? ते फोन करणार आहेत का?

कष्टकरी:
बादल्यावाले म्हणून सगळ्यांना एका फटक्यात चोर ठरवू नका. माझ्या ओळखीतली माणसं हे काम करतात. हंगामी मजुरी, राहायला गाडी, खरेदीदार सांगेल तो भाव. सकाळी पहाटे निघतात, संध्याकाळी वजन करून पैसे. त्यांना कुणी सरकारी रानाचा परवाना कसा काढायचा हे भाषेअभावी नीट सांगत नाही. हद्द कुठे संपते हे झाडांवर लिहिलेलं नसतं. ते चुकतात, पण पोटासाठी चुकतात.

खडकवाट:
पोटासाठी कुंपण तोडायचं का?

कष्टकरी:
तोडायचं नाही. पण तोडणाऱ्याला आणि वाट चुकलेल्याला एकच शिक्षा नको, एवढंच म्हणणं आहे.

वकीलबुवा:
हद्दीच्या खुणेचा मुद्दा बरोबर आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत यासाठी झाडांवर जांभळा रंग लावायची सोय कायद्यानेच केली आहे. टेक्सासमध्ये किमान ८ इंच लांब आणि १ इंच रुंद उभा पट्टा, जमिनीपासून ३ ते ५ फूट उंच, रानात दर १०० फुटांच्या आत एक. पाट्या चोरीला जातात, रंग जात नाही. इटलीत ट्रफल या जमिनीखाली येणाऱ्या अळंबीसाठी १९८५ चा कायदा आहे: मोकळ्या रानात ट्रफल शोधणं सगळ्यांना खुलं, पण राखलेल्या जागेत मालकाचा हक्क, आणि त्यासाठी जमिनीपासून किमान अडीच मीटर उंचीवर "ट्रफल राखीव" अशा अर्थाच्या पाट्या लावाव्या लागतात. म्हणजे हक्क सांगायचा तर खूण ठळक करण्याची जबाबदारी मालकाची.

आणि कष्टकरी यांना जोडून: पाटीवर शब्दांसोबत चित्र काढा. ज्याला भाषा येत नाही त्यालाही कळतं.

पाऊलखुणा:
फोटोंबद्दल कुणी बोललं नाही. अर्धा लोंढा तिथून येतो. टोपलीचा फोटो टाकायचा, मागे ओळखू येणारं फाटक, आणि फोटोत जागेची नोंद. आमच्या पिढीतले अळंबीवाले सख्ख्या भावाला जागा सांगायचे नाहीत :) परवानगी देताना "जागा कुठेही टाकायची नाही" ही अट घालाच.

वाटसरू७:
सख्ख्या भावाला नाही सांगायचे, मग कुणाला?

पाऊलखुणा:
कुणालाच नाही. मरताना बायकोला.

उत्तरध्रुवी:
आमच्या शेजारच्या आजींनी तेव्हाही नाही सांगितली म्हणतात!

रानमालकीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचायला लावलं. मधल्या काळात काय केलं ते लिहिते.

पाइनखालचा पाला बुरशीबाईंनी सांगितल्याप्रमाणे मुलांबरोबर हाताने पसरला. तो भाग दोरी लावून बंद केलाय, सध्या आम्हीही तिथे पाय ठेवत नाही. चिंध्या बांधलेल्या तारा ताणून घेतल्या आणि त्याच जागी लाकडी पायऱ्या बसवल्या. कुंपणावरून लोक जाणारच असतील तर तार वाकवून जाण्यापेक्षा पायरीवरून जावेत, आणि पायरी घरातून दिसते. फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग लावली. गायीचा प्रश्न तरी सुटला.

आणि शनिवारी गाठ पडली. दोघं पुरुष, एक मुलगी, बादल्या. मी लांबूनच, फाटकाच्या आतून विचारलं, "काही मिळालं का आज?" पुरुष थबकले. मुलगी पुढे आली, तिला भाषा येत होती. म्हणाली, वडील विकायला नेतात, इथे सगळेच येतात म्हणून वाटलं की चालतं. मी म्हटलं, ही आमची जागा आहे, विकायला न्यायला मी परवानगी देणार नाही. तुम्हाला घरी खायला हवी असेल तर या, पण फोन करून, आणि हे दाताळं इथे चालणार नाही. आणि ते का, ते दाखवलं. दोरीमागची जागा बघून तिच्या वडिलांनी खाली बसून माती हातात घेतली आणि तिला काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "ते म्हणतात, हे आम्ही नाही केलं, आम्ही दाताळं फक्त काटे बाजूला करायला आणतो." खरं की खोटं मला माहीत नाही. पण दाताळं गाडीत ठेवून आले.

अर्धी बादली होती, ती मी नेऊ दिली. नवऱ्याला ते पटलेलं नाही, अजून वाद चालू आहे.

खडकवाट:
मलाही पटलं नाही. पण पायरीची कल्पना आवडली, मी पण करेन.

कष्टकरी:
ताई, तुम्ही बोललात हे फार मोठं केलंत.

रानमालकीण:
पाटीचा मजकूर असा केलाय, बघा कसा वाटतो:

"ही खाजगी जागा आहे. आत यायचं असेल तर आधी या नंबरवर फोन करा. लेखी परवानगी असलेल्यांनी पायरीवरून यावे. फाटक बंद ठेवा. आत गुरे आहेत. दाताळे, फावडे आणू नये. विक्रीसाठी काहीही नेऊ नये. दोरी लावलेल्या भागात जाऊ नये."

खाली फाटकाचं, गायीचं आणि फुली मारलेल्या दाताळ्याचं चित्र. आमच्या मुलीने काढलंय.

घारापुरी_नव्हे:
अळंबीचं नाव नाही, उत्तम. "दाताळे आणू नये" वाचून जाणकाराला कळेलच, पण ते ठेवावं लागणार.

औषधवेल:
परवानगीच्या कागदावर, पाटीवर नव्हे, एक ओळ घाला: "ओळख पटवण्याची जबाबदारी तुमची. शंका असल्यास खाऊ नये." तोंडी सांगितलं तरी कागदावर असू द्या.

गवताळ:
कागदावर शेवटची तारीख घालाच. हंगाम संपला की परवानगी संपली, पुढच्या वर्षी नवीन. जो नीट वागला नाही त्याला पुढच्या वेळी कागद द्यायचा नाही, भांडावं लागत नाही. दोन प्रती करा आणि एकीवर त्याची सही घ्या.